मोड

काउंटर क्रमांक तीन. रिगा. फेब्रुवारीतला मंगळवार.
काचेपलीकडे बर्फाने भिजलेली लोकरी टोपी,
टोपीखाली तालिवाल्डिस नावाचा म्हातारा
आणि काकडीच्या लोणच्याची बरणी,
झाकणापर्यंत नाण्यांनी भरलेली.

"मोडायचेत," तो म्हणाला.
"सगळे?"
"सगळे."

आमच्याकडे मुदत नाही.
लाट्स चलनातून जाऊन दहाहून जास्त वर्षं झाली,
पण कुणी आणला तर आम्ही अजून घेतो.
एकाला एक युरो बेचाळीस सेंट, वर थोडे दशांश.
नाण्यावर काय आहे ते विचारत नाही.

मी दहा-दहाच्या चळती लावू लागले.
साल्मन, साल्मन, साल्मन,
तोच मासा, तीच उडी,
पाण्याबाहेर एकसष्ट वेळा.

मग त्याने काचेखालून हात घातला.
"थांबा. ही मुंगी."

ज्या वर्षी कारखान्याने ऑस्माला घरी बसवलं
त्या वर्षी किराणावालीने सुट्टे म्हणून दिलेली.
"ती म्हणाली, बघ,
सरकारलाही माझी आठवण झाली,
माझंच चित्र काढलंय.
आणि हसली. रडायची ती नंतर, भांडी घासताना."
मुंगी त्याने बाजूला ठेवली.

मग अळंबी. ऑस्माने म्हणे नाणं
दिव्याखाली धरून देठ तपासला,
मगच म्हणाली, खायची आहे, घे.
मग करकोचा. त्यांच्या खांबावरचं घरटं
त्या वसंतात रिकामंच राहिलं,
तेव्हा तिने हा खिडकीत ठेवला,
वाट चुकली असेल तर बघून येईल म्हणून.

माझ्यामागे रांग वाढत होती. म्हणजे त्याच्यामागे.

एका बाजूला सगळ्यांवर तेच राजचिन्ह, सरकारी, गंभीर.
मी बावीस वर्षं तीच बाजू वर ठेवून मोजत आले.
तो मात्र प्रत्येक नाणं उलटून बघत होता,
पत्त्यांच्या डावात घाई नसलेल्या माणसासारखा.

"हा कोण?" मी विचारलं.
चेहरा नव्हताच. नुसता गुळगुळीत चांदवा,
खांद्यावर शिडीसारखं काहीतरी.
"धुराडी साफ करणारा.
त्याच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं,
ठाऊक आहे ना?
दवाखान्याच्या बाकावर बसून मी लावायचो.
अंगठा मोठा आहे माझा,
बटणाबरोबर तोही गेला."

विचारू नये ते मी विचारलं. "उघडलं?"
त्याने जरा हिशेब केला.
"तीन हिवाळे," तो म्हणाला.
"डॉक्टर एक म्हणाला होता."

उरले बेडूक, नाल, साळू.
"हे तिच्यानंतरचे. घ्या हे."
चौसष्ट झाले. एक्क्याण्णव युरो सहा सेंट.
नोटा त्याने दोनदा मोजल्या,
सेंट मोजले नाहीत.

"दगडवाला अक्षरागणिक घेतो," तो म्हणाला,
जणू मी पावतीवर कारण मागितलं होतं.
"नाव झालंय. तारखा झाल्यात.
खाली मुंगी कोरायची आहे.
तो म्हणाला नमुना आणा,
मनाने काढली तर कोळी होईल."

बरणीत चारच नाणी उरली होती,
पायऱ्या उतरताना ती भरल्या बरणीपेक्षा
जास्त वाजली.

संध्याकाळी हिशेब जुळला. काउंटरवर टोपीचं पाणी
अजून सुकलं नव्हतं.
चळती कागदात गुंडाळल्या, शिक्का मारला.
बेडूक मात्र
पिशवीत टाकण्याआधी एकदा उलटून पाहिला.